पन्नास राज्यांची जत्रा आणि वाट्याला आलेले आयोवा

अमेरिकेतील ‘स्टेट फेअर’ ही मुळात शेतकऱ्यांची जत्रा. १८४१ साली न्यूयॉर्क राज्यातील सिराक्यूज येथे अशी पहिली जत्रा भरली आणि पुढे बहुतेक राज्यांनी तो पायंडा उचलला. उत्तम गुरे, वजनदार भोपळे, घरी केलेले मुरांबे, नवी अवजारे असे सारे वर्षातून एकदा एका मैदानावर मांडायचे, पारखायचे आणि बक्षिसे द्यायची, असे तिचे स्वरूप आहे. याच नावाचा आधार घेऊन तेथील अनेक प्राथमिक शाळांनी स्वतःची एक वेगळीच ‘स्टेट फेअर’ सुरू केली. तिच्यात गुरे नसतात आणि मैदानही नसते. पाचवीच्या आसपासच्या मुलांनी प्रत्येकी एकेक राज्य घ्यायचे, महिना-दोन महिने त्याचा अभ्यास करायचा आणि ठरलेल्या संध्याकाळी शाळेच्या सभागृहात त्या राज्याचे टेबल मांडून पाहुण्यांपुढे उभे राहायचे.

या जत्रेची सामग्री ठरलेली असते. तीन घड्यांचा, आपोआप उभा राहणारा पुठ्ठा. त्यावर नकाशा, ध्वज, राजधानी, राज्यपक्षी, राज्यपुष्प, महत्त्वाच्या व्यक्ती. पुढे त्या राज्याची ओळख पटवणारी एखादी वस्तू आणि चवीपुरता खाऊ. पाहुण्यांच्या हाती कागदी ‘पासपोर्ट’ देतात. प्रत्येक टेबलाशी थांबून मुलाचे बोलणे ऐकले की त्यावर त्या राज्याचा शिक्का मिळतो. दोन-तीन वर्ग एकत्र आले की पन्नास राज्ये पुरी होतात आणि तासाभरात सारा देश पाहून होतो. वरवर पाहता हा पाठांतराचाच एक प्रकार वाटेल. परंतु एखाद्या जैन घरातील मुलाला हे काम नीट करायचे असेल, तर त्यात किती प्रश्न दडलेले असतात, हे शिकागोच्या पश्चिम उपनगरातील एका कुटुंबाच्या अनुभवावरून ध्यानात येते.

शिकागो हे नाव जैन समाजाला नवे नाही. १८९३ च्या सर्वधर्म परिषदेत वीरचंद राघवजी गांधी यांनी जैन धर्माची ओळख याच शहरात जगाला करून दिली. शहराजवळ बार्टलेट येथे आज मोठे जिनमंदिर आहे आणि तेथे मुलांची पाठशाळाही चालते. प्रस्तुत कुटुंब मूळचे सांगली जिल्ह्यातील, कृष्णाकाठचे. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यातील दिगंबर जैन समाज पिढ्यान्‌पिढ्या शेती करीत आला आहे. या घरातील आजोबांनीही आयुष्यभर ऊस आणि हळद केली आणि जोडीला गावच्या विकास सोसायटीचे हिशेब सांभाळले. मार्च महिन्यात आजी-आजोबा मुलाकडे अमेरिकेत आले, त्याच आठवड्यात नातीच्या वर्गात राज्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या. बहुतेक मुलांना हवाई, फ्लोरिडा किंवा कॅलिफोर्निया हवे होते. नातीच्या हाती आले आयोवा.

शेजारच्याच या राज्याविषयी घरात कोणाला फारसे ठाऊक नव्हते. अपवाद फक्त आजीचा. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे १९८१ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक त्यांनी अनेकदा वाचले होते. गुलामगिरीत जन्मलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना कॅन्सासमधील एका महाविद्यालयाने वर्णामुळे दाराशीच नाकारले आणि पुढे आयोवाने त्यांना शिकवले, हे त्यांना आठवत होते. महाराष्ट्रातल्या किती तरी घरांत आयोवाची एवढीच, पण आपुलकीची ओळख आहे. नातीच्या पुठ्ठ्यावरचे पहिले नाव अशा रीतीने आजीने दिले.

बाकीची माहिती भराभर जमली. २८ डिसेंबर १८४६ रोजी आयोवा संघराज्यात आले, एकोणतिसावे राज्य म्हणून. राजधानी दे मॉइन. पूर्वेला मिसिसिपी, पश्चिमेला मिझुरी आणि बिग सू या नद्या. पूर्व आणि पश्चिम दोन्ही सीमा संपूर्णपणे नद्यांनीच आखलेले हे एकमेव राज्य. राज्यपक्षी पिवळाधमक गोल्डफिंच, राज्यपुष्प रानगुलाब, राज्यवृक्ष ओक. मक्याच्या उत्पादनात देशात पहिला क्रमांक. अडचण आली ती ‘अर्थव्यवस्था’ या मथळ्याखाली. राज्यातील लोक पोट कशावर भरतात हे प्रत्येकाने सांगितलेच पाहिजे, अशी शिक्षिकेची अट होती. २०२० च्या जनगणनेनुसार आयोवाची लोकसंख्या सुमारे ३२ लाख आहे आणि तेथे एका वेळी दोन कोटींहून अधिक डुकरे पाळली जातात. देशातील डुकरांपैकी सुमारे एक तृतीयांश या एका राज्यात आहेत. अंड्यांच्या उत्पादनातही आयोवाच पहिले.

नातीने पहिल्या आराखड्यात हा भाग सरळ वगळला. मक्याचे कणीस मोठे काढले आणि त्याच्याखाली काही लिहिलेच नाही. तिच्या आईलाही ते गैर वाटले नाही. दहा वर्षांच्या मुलीने असे आकडे कशाला उच्चारायचे, असे तिचे मत होते. वडिलांनी मात्र शिक्षिकेच्या अटीची आठवण करून दिली. तेव्हा मुलीने दुसऱ्या टोकाचा उपाय काढला. डुकराचे चित्र काढून त्यावर लाल फुली मारली. आजोबांनी दोन्ही आराखडे शेजारी शेजारी ठेवले.

“बाळ, नोंद आवडली नाही म्हणून वहीतले पान फाडता येत नाही,” ते म्हणाले. “आणि दुसऱ्याच्या वहीवर लाल शाईने शेरे मारण्याआधी त्याचा सगळा हिशेब बघावा लागतो. आपण तिकडे जाऊन आलोय का?”

एप्रिलच्या मध्यावर, लांब सुटी जोडून आलेल्या शनिवारी, कुटुंब मोटारीने निघाले. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळपोळ्या होत्या. शिकागोच्या पश्चिमेकडून निघालेला महामार्ग तीन तासांत मिसिसिपीपाशी पोहोचतो. पुलाच्या अलीकडे इलिनॉय, पलीकडे आयोवा. पाणी गढूळ, संथ आणि रुंद. कृष्णेचा पूर पाहिलेल्या आजोबांनाही तो विस्तार पाहून क्षणभर बोलायला सुचले नाही.

पूल ओलांडल्यावर मुलीची निराशा झाली. चित्रांत पाहिलेला हिरवा, डोक्याएवढा मका कुठेही नव्हता. पेरणी अजून व्हायची होती. दोन्ही बाजूंना लांबवर पसरलेली उघडी जमीन, मधूनच गेल्या हंगामाची ताटे, आणि माती काळीकुट्ट. आजोबांनी मोटार बाजूच्या गावरस्त्याला थांबवायला सांगितली, बांधावरून वाकून मूठभर ढेकूळ उचलले, दाबून पाहिले आणि पुन्हा जागेवर ठेवले. रंग कृष्णाकाठच्या रानासारखा, स्पर्श मात्र वेगळा होता. दख्खनची काळी माती ज्वालामुखीच्या खडकापासून झाली. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसात चिकटते. आयोवाची माती गवताने केली आहे.

ते कसे, याचे उत्तर दे मॉइनच्या अलीकडे प्रेअरी सिटीजवळच्या नील स्मिथ अभयारण्यात मिळाले. गोऱ्या वसाहतकऱ्यांच्या आगमनापूर्वी आयोवाचा सुमारे ऐंशी टक्के भाग उंच गवताच्या प्रेअरीने व्यापलेला होता. माणसाहून उंच वाढणाऱ्या या गवतांची मुळे जमिनीत आठ-दहा फूट खोल जातात. दरवर्षी त्यांतील काही मुळे कुजत, काही नवी फुटत, आणि हजारो वर्षांत त्यांतून हा काळा थर साठला. १८३७ साली शेजारच्या इलिनॉय राज्यात जॉन डीअर नावाच्या लोहाराने गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर तयार केला. चिकट मातीतून सहज निघणाऱ्या अशा नांगरांनी एका माणसाच्या आयुष्याएवढ्या काळात जवळजवळ सगळी प्रेअरी उलथून टाकली. आज मूळ प्रेअरीतला हजारात एक भागही उरलेला नाही. अभयारण्यात जुन्या तुकड्यांवरून बी गोळा करून शेतजमिनीवर पुन्हा गवत उभे केले जात आहे, आणि त्यात बायसन व एल्क सोडले आहेत.

तेथील दर्शनी दालनात गवताची मुळे भिंतीवर उभी टांगलेली आहेत. मुलगी त्यांच्यापुढे बराच वेळ उभी राहिली. कांदा, बटाटा, गाजर घरात का येत नाही, हे पाठशाळेत तिला अनेकदा सांगितले गेले होते. मूळ उपटले की सारे झाड जाते आणि मुळाच्या आश्रयाने राहणारे असंख्य जीवही जातात, हे तिचे पाठ होते. एका राज्याची सगळी श्रीमंती मुळांनी साठवलेली आहे, हे तिने प्रथमच पाहिले. आजीला तेथील एक गोष्ट मात्र खटकली. काही पट्टा मुद्दाम जाळलेला होता. अधूनमधून आग लावली नाही तर झाडे-झुडपे माजतात आणि गवत मरते, असे मार्गदर्शकाने सांगितले. पूर्वी ही आग विजेने लागे किंवा मूळ रहिवासी लावीत. आजीने ते ऐकून घेतले. त्यांचे समाधान झाले नाही, पण त्यांनी नातीला ते लिहून घ्यायला सांगितले.

रात्री दे मॉइनमध्ये मुक्काम झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी राजधानीचा सोनेरी घुमट पाहून सारे नदीकाठच्या एका जुन्या ग्रंथालयाच्या इमारतीपाशी आले. ही इमारत आता जागतिक अन्न पुरस्काराचे दालन आहे. आयोवातील क्रेस्को गावाजवळ १९१४ साली जन्मलेले नॉर्मन बोरलॉग यांनी गव्हाच्या बुटक्या, अधिक उत्पन्न देणाऱ्या जाती तयार केल्या. साठीच्या दशकात भारताच्या शेतांत आलेल्या हरित क्रांतीचे ते एक प्रमुख शिल्पकार. १९७० चे शांततेचे नोबेल त्यांना मिळाले आणि १९८६ साली त्यांच्याच प्रेरणेने हा पुरस्कार सुरू झाला. १९८७ चा पहिला पुरस्कार एम. एस. स्वामिनाथन यांना, १९८९ चा वर्गीस कुरियन यांना आणि १९९८ चा जालन्याच्या बद्रीनारायण बारवाले यांना मिळाला. जालन्याचे नाव आयोवात ऐकून आजोबांना झालेला आनंद लपला नाही. त्यांच्या गावातही बारवाल्यांच्या ‘महिको’चे बियाणे येत असे.

तेथून पाऊण तासावर, मॅडिसन काउंटीत, विंटरसेट हे टुमदार गाव आहे. कार्व्हर आयोवात आले ते प्रथम या गावी. येथील एका कुटुंबाच्या आग्रहामुळे ते इंडियानोला येथील सिम्प्सन महाविद्यालयात दाखल झाले, चित्रकला शिकले, आणि तेथील शिक्षिकेने त्यांचा वनस्पतींकडील ओढा ओळखून त्यांना एम्सच्या कृषी महाविद्यालयात पाठवले. १८९४ मध्ये पदवी आणि १८९६ मध्ये पदव्युत्तर पदवी घेऊन ते अलाबामातील टस्कगी येथे गेले. आजीने गावात हिंडताना फारसे काही विचारले नाही. पुस्तकात वाचलेले गाव प्रत्यक्षात असते, एवढेच त्या दोनदा म्हणाल्या.

याच काउंटीतील पेरू नावाच्या खेड्याजवळ जेसी हायट या शेतकऱ्याच्या बागेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सफरचंदाचे एक रोप नको तेथे उगवले. त्याने ते कापले, ते पुन्हा फुटले. पुन्हा कापले, पुन्हा फुटले. शेवटी त्याने ते राहू दिले, असे सांगतात. त्याला आलेले लांबट, लाल, गोड फळ म्हणजेच पुढे जगभर गेलेले ‘रेड डेलिशियस’. सॅम्युअल स्टोक्स या अमेरिकन गृहस्थाने १९१६ च्या सुमारास हीच जात हिमाचलातील कोटगढ परिसरात लावली. सांगलीच्या बाजारात मिळणाऱ्या सिमल्याच्या लाल सफरचंदाचे मूळ अशा रीतीने आयोवातल्या एका बांधावर आहे.

परतताना कुटुंबाने एम्सहून टामा काउंटीचा रस्ता धरला. आयोवा हे नाव ज्या आयोवे लोकांवरून पडले, ते आता बहुतांशी दुसऱ्या राज्यांत राहतात. मेस्क्वाकी लोकांनाही १८४२ च्या करारानंतर कॅन्सासकडे हटवण्यात आले होते. परंतु त्यांतील काही परत आले, आपसांत पैसे जमवले आणि १८५७ मध्ये टामा काउंटीत ८० एकर जमीन रीतसर विकत घेतली. जी भूमी आपलीच होती तिचे दाम मोजून त्यांनी ती परत मिळवली. आज त्यांची वसाहत आठ हजार एकरांहून मोठी आहे. खरेदीखताची गोष्ट आजोबांना चांगली समजली. नातीला त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली, की ही तारीख पुठ्ठ्यावर येणार आहे ना.

परतीच्या वाटेवर पवनचक्क्यांच्या रांगाही दिसल्या. राज्यातील निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून येते. आणि दिसली नाहीत ती डुकरे. दोन दिवसांच्या प्रवासात एकही डुक्कर नजरेस पडले नाही. लांबट, बुटक्या, बिनखिडक्यांच्या पत्र्याच्या इमारती तेवढ्या ठिकठिकाणी होत्या, बाजूला मोठे पंखे फिरत होते. मुलीने वडिलांना विचारले आणि उत्तर मिळाल्यावर ती बराच वेळ गप्प बसली.

घरी आल्यावर पुठ्ठ्याची मांडणी बदलली. तीन घड्यांपैकी मधली नकाशाला दिली. डावीकडे मथळा आला, ‘आयोवा काय देते’. उजवीकडे, ‘त्यासाठी काय द्यावे लागते’. जमा आणि नावे या दोन बाजू आजोबांच्या रोजच्या सवयीतल्या होत्या. मुलीला त्या नव्या असल्या तरी लगेच पटल्या. डावीकडे मका, सोयाबीन, वाऱ्याची वीज, बोरलॉग, कार्व्हर, सफरचंद. उजवीकडे गेलेली प्रेअरी, वाहून जाणारी माती, मेस्क्वाकींची जमीन आणि पाणी. शेतांना घातलेल्या खतांतील नायट्रेट नद्यांत उतरते. दे मॉइन शहराला पिण्याच्या पाण्यातून ते काढून टाकण्यासाठी वेगळे संयंत्र चालवावे लागते. हेच पाणी पुढे मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात जाते आणि तेथे समुद्राचा एक भाग दर उन्हाळ्यात प्राणवायूविना राहतो.

उजवी बाजू लिहिताना आजोबांनी नातीला कृष्णाकाठचीही गोष्ट सांगितली. बेसुमार पाणी आणि रासायनिक खते यांमुळे मिरज, वाळवा, शिरोळ या भागांत हजारो एकर रान क्षारपड झाले आहे. वर पांढरा थर येतो आणि ऊसही उगवत नाही. आयोवातला मका मोठ्या प्रमाणावर इथेनॉलसाठी आणि पशुखाद्यासाठी जातो, तसे सांगलीच्या कारखान्यांतही उसापासून इथेनॉल होते. “दुसऱ्याच्या नावे टाकताना आपलं खातंही उघडं ठेवावं,” एवढेच ते म्हणाले.

मग डुकरांचा आकडा कोठे लिहायचा? यावर घरात दोन संध्याकाळी चर्चा झाली. जैन आचारशास्त्रात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. मारण्याच्या हेतूनेच केलेली ती संकल्पी. गृहस्थाला ती पूर्ण वर्ज्य. घरकामात होणारी आरंभी, उपजीविकेच्या व्यवसायात होणारी उद्योगी, स्वसंरक्षणातील विरोधी. या तिन्हींत गृहस्थाने शक्य तितका विवेक राखायचा. भगवान ऋषभदेवांनी लोकांना कृषी शिकवली. तरी नांगराखाली जीव जातात हे जैन शेतकरी कधी नाकारीत नाही. आजोबांनी नातीला हे तिच्या वयाच्या भाषेत सांगितले. आपल्या दृष्टीने डुकरे कापण्यासाठी वाढवणे ही उजव्या बाजूची गोष्ट. ज्यांची ती उपजीविका आहे, त्यांच्या दृष्टीने डाव्या. शेवटी मुलीने आकडा मधल्या घडीवर, नकाशाच्या खाली लिहिला: माणसे ३२ लाख, डुकरे दोन कोटींहून अधिक. त्यापुढे फुली नव्हती, विशेषण नव्हते. कोणी विचारले तर, “आमच्या घरी मांस खात नाहीत, कारण त्या प्राण्यालाही जगायचे असते असे आम्ही मानतो,” हे एक वाक्य तिने स्वतः तयार केले.

खाऊचा प्रश्न त्या मानाने सोपा ठरला, तरी त्यातही शिकण्यासारखे होते. आजीला मक्याचा चिवडा करायचा होता. शाळेने मात्र घरी शिजवलेले पदार्थ आणि शेंगदाणे, दोन्ही नाकारले. अनेक मुलांना शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असते. कार्व्हर यांचे नाव ज्या शेंगदाण्याशी कायमचे जोडले गेले, तोच त्यांच्या चित्राजवळ ठेवता आला नाही. मग पॉपकॉर्नची बंद पाकिटे ठरली. आयोवातील सू सिटीत १९१४ पासून पॉपकॉर्नचा व्यवसाय करणारी कंपनी आहे, त्यामुळे राज्याशी नातेही जुळले. पाकिटावरील घटकांची यादी मुलीने स्वतः वाचली. आजूबाजूच्या टेबलांवरील मार्शमेलो आणि जेलीच्या गोळ्यांत प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेले जिलेटिन असते, हे जैन पालकांनी अशा जत्रेपूर्वी मुलांना अवश्य सांगावे. जत्रा संध्याकाळी साडेसहाची होती. मे महिन्याच्या मध्यावर शिकागोत सूर्य आठच्या सुमारास मावळतो, म्हणून आजी-आजोबांच्या रात्रीभोजनत्यागालाही बाधा आली नाही.

जत्रेच्या संध्याकाळी सभागृह फुलून गेले. टेक्सासच्या टेबलावर तारांकित टोप्या, व्हरमॉन्टच्या टेबलावर मेपलचा पाक, जॉर्जियाच्या टेबलावर पीच. आयोवाच्या टेबलाशी माणसे पॉपकॉर्नसाठी थांबत आणि पुठ्ठ्याच्या दोन बाजू वाचून थोडी अधिक रेंगाळत. एका वर्गमित्राचे आजोबा तेथे आले. ते मूळचे आयोवाचेच, शेतकरी, आणि एके काळी डुकरे पाळणारे. त्यांनी चष्मा लावून तिन्ही घड्या वाचल्या. मुलगी आपले वाक्य मनातल्या मनात घोळवत उभी होती.

त्यांनी तिला ते विचारलेच नाही. आकड्यावर बोट ठेवून ते म्हणाले, की आकडा बरोबर आहे, पण त्यांच्या तरुणपणी जवळजवळ प्रत्येक शेतावर थोडी डुकरे असत आणि ती उघड्या कुरणात हिंडत. मग १९८० चे दशक आले. जमिनीचे भाव चढत असताना शेतकऱ्यांनी कर्जे घेतली होती. व्याजाचे दर एकाएकी वाढले, धान्याचे भाव पडले. १९८१ ते १९८६ या पाच वर्षांत आयोवातील शेतजमिनीची किंमत साठ टक्क्यांहून अधिक घसरली. तारण उरले अर्ध्याहून कमी, कर्ज मात्र तेवढेच. हजारो कुटुंबांची शेती लिलावात गेली. त्यांचीही गेली, आणि ते शिकागोकडे कामाला आले. पुढे डुकरांची संख्या वाढली, पाळणारी कुटुंबे मात्र झपाट्याने घटली. पत्र्याच्या लांब इमारती त्यानंतरच्या.

मुलगी एकेक वाक्य मराठीत सांगत होती. सांगलीच्या आजोबांनी मध्येच थांबवून व्याजाचा दर विचारला. आकडा ऐकून त्यांनी मान हलवली. विकास सोसायटीच्या वसुलीत त्यांनीही लिलावाच्या नोटिसा पाहिल्या होत्या. मग दोघे वृद्ध मातीविषयी, पावसाविषयी आणि बैलांच्या जागी ट्रॅक्टर कधी आला याविषयी, मुलीच्या मदतीने, बराच वेळ बोलत राहिले. आहाराविषयी त्यांच्यात एकमत होण्याचा प्रश्नच नव्हता. निघताना त्या गृहस्थांनी पॉपकॉर्नचे पाकीट घेतले आणि पासपोर्टवर शिक्का मारून मागितला. ते गेल्यावर मुलीने पेन्सिल घेतली आणि उजव्या घडीवर, सर्वांत खाली, आणखी एक ओळ लिहिली: ‘पुष्कळ शेतकऱ्यांनी आपली शेते गमावली.’ आजोबांनी तिला ती शाईने गडद करायला सांगितले.

जूनच्या आरंभी आजी-आजोबा गावी परतले. ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ या उपक्रमात महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी लावलेली आहे, आणि गावच्या शाळेत धाकट्या नातवाला ओडिशाचा तक्ता करायचा होता. त्याने जगन्नाथपुरी आणि कोणार्क लिहिले होते. आजीने त्यात उदयगिरीच्या हाथीगुंफेतील खारवेल राजाच्या शिलालेखाची भर घातली, कारण त्या लेखाचा आरंभ अर्हंत आणि सिद्धांना वंदन करून होतो. आजोबांनी पुठ्ठ्याला तीन घड्या घालून दिल्या आणि उजवी घडी मोकळी ठेवायला सांगितली. नातवाने शोधून महानदीवरच्या हिराकूड धरणाचे नाव आणले. १९५७ साली त्याचे उद्घाटन झाले. वीज आली, कालवे आले आणि कित्येक गावे पाण्याखाली गेली. धरण नेमके कोणत्या बाजूला लिहायचे, हे त्याला ठरवता येईना. आजोबांनी त्याला कराडच्या प्रीतिसंगमाची आठवण दिली. कोयनेचे पाणी तेथे कृष्णेला मिळते आणि खाली त्यांच्या उसापर्यंत येते. त्या धरणाखालीही गावे गेली आहेत, आणि तेथून उठलेली काही कुटुंबे सांगली जिल्ह्यातच वसली आहेत. त्यांतल्या कोणाला तरी भेटून मग काय ते लिही, असे त्यांनी नातवाला सांगितले.